रुखरुखीचं वजन

मित्रांनो, जरा मान वर करा. पंखा नव्हे, त्याच्या डावीकडे बघा. वाशाच्या आकड्याला लटकलेलं, जेवणाच्या ताटाएवढ्या तोंडाचं जे यंत्र दिसतंय ना, ते मी. घड्याळ समजून फसू नका. घड्याळाचे काटे दिवसभर नुसते गोल गोल धावत असतात. मला एकच काटा आहे आणि खाली कोणी काही अडकवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. मी ताणकाटा. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. वजन लटकलं की ती ताणली जाते आणि काटा सांगतो, किती. माझी सगळी विद्या एवढीच. आता मी जुना झालोय, रंगाचे पोपडे निघालेत, पण वजनात हयगय नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथल्या तपासनिसाने माझ्या आकड्याला लोखंडी वजनं अडकवली, काटा बघितला, मान डोलावली आणि पाठीवर ठप्पा मारला. त्या मान डोलावण्याचा मला अजून अभिमान आहे. मग भुशाने भरलेल्या खोक्यात बसून, एसटीच्या टपावरून मी रत्नागिरीला आलो. घाटातल्या वळणांनी स्प्रिंगची जी काय दशा झाली ती सांगत बसत नाही.

आमचं प्रसूतिगृह छोटं आहे. समोर आंब्याचं झाड, मागे जांभ्या दगडाचं कुंपण, आणि वारा पडला की समुद्राचा आवाज. इथे मी नवजात बाळांचं वजन करत असे. कापडाची झोळी माझ्या आकड्याला अडकवायची, बाळ त्यात ठेवायचं. बाळ पाय झाडायचं, काटा थुईथुई नाचायचा आणि सगळे श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघायचे. काटा थांबला की सिस्टर आकडा सांगत आणि बाहेर पेढ्यांची पुडी सुटे. एका आजीने नातवाला काजळाची तीट लावली आणि बोटाला उरलेलं काजळ माझ्या तोंडाला पुसलं. मला कोणाची दृष्ट लागणार होती, देव जाणे! पण मी आठवडाभर खुशीत होतो.

पुढे एक चपटा, पांढरा, इलेक्ट्रिक काटा आला. तो लाल आकडे दाखवतो आणि पीं पीं करतो. करू दे. माझी रवानगी लेबर रूमच्या शेजारच्या, कपडे बदलायच्या खोलीत झाली. तिथे माझ्या आकड्याला कोणी छत्री अडकवी, कोणी डबा, कोणी ओला रुमाल. मी आपला प्रत्येकाचं वजन करत असे, कोणी विचारलं नाही तरी. कोणाचा डबा भरून आला आणि तसाच भरून परत गेला, हे या इमारतीत फक्त मला ठाऊक असे.

असा मी धूळ खात असताना योगिनी मॅडम आल्या.

योगिनी मॅडम नर्सिंग कॉलेजात शिकवतात. एके काळी त्या स्वतःही सिस्टर होत्या. त्यांनी एक अभ्यास हाती घेतला होता. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांना कधीकधी योग्य काय ते कळत असतं, पण नियम, घाई, वरिष्ठांचा शब्द अशा कशामुळे तरी ते करता येत नाही. मग मनात जे टोचत राहतं, ते किती असतं, हे त्यांना मोजायचं होतं. मोजायचं होतं, हे ऐकून मी लगेच कान टवकारले. मापाची गोष्ट निघाली की मला राहवत नाही.

त्यांनी छापील प्रश्नावली आणली होती. पहिलाच प्रश्न असा : ‘आपणास कामाच्या ठिकाणी किती नैतिक क्लेश होतो? शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहा.’

चहाला सगळे माझ्याच खोलीत जमतात, कारण थर्मास इथे असतो. मनिषामावशींनी कागद डोळ्यांजवळ नेला. मावशी म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या आया. शब्द वाचला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“नैतिक? ह्ये काय विचारतायत मॅडम आमाला?”

“चालचलणुकीचा प्रश्न हाय तो,” ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मोरू म्हणाला. मोरू मिरकरवाड्याचा, मच्छीमाराच्या घरातला. आवाज असा की जेटीवरून बोलला तर होडीत ऐकू यावा. “म्हंजे वार्डात काय वायट-वंगाळ चालतंय काय, असा. शून्य लिवा सगळ्यांनी. आपला वार्ड सोन्यासारखा हाय.”

“शून्यच लिवणार! आनी काय लिवू?” मावशी म्हणाल्या, आणि एवढं मोठं शून्य काढलं की त्यात बशी मावली असती.

सगळ्यांनी शून्य लिहिलं. सिस्टर रेणुकाने लिहिलं. मोठे डॉक्टर महेंद्र घाईघाईने आत आले, उभ्याउभ्या त्यांनीही शून्य लिहिलं आणि गेले. योगिनी मॅडम कागद चाळत बसल्या. एकेक शून्य बघून त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

“तोंड का पाडलात मॅडम?” मावशींनी चहाचा कप पुढे केला. “पास झालो ना आमी सगळी?”

“पास कसले मावशी! तुमची ही शून्यं बघून मलाच रुखरुख लागलीय. एवढी विचारायला आले आणि विचारायचं तेच राहून गेलं.”

मावशींचा हात मध्येच थांबला.

“रुखरुख? अवो, रुखरुख विचाराची व्हती काय तुमाला? मंग ती हाय की! ती तर रोज हाय!”

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! एका शब्दाने खोलीचं दार उघडावं तसं झालं. सगळे एकदम बोलायला लागले. कोणाला एका बाळंतिणीशी दोन शब्द बोलायचे राहिले होते, कोणाला एकीला अजून एक दिवस ठेवून घ्यायचं होतं. योगिनी मॅडमना लिहायला हात पुरेना. रुखरुख म्हणजे राग नव्हे, थकवाही नव्हे. थकवा झोपल्यावर जातो. आपल्याला ठाऊक होतं, करायला हवं होतं आणि तरी झालं नाही, ही जी बारीक टोचणी उशीपर्यंत सोबत येते, ती रुखरुख. असला शब्द घरात असताना मॅडमनी तो जड जोडशब्द कुठून आणला, कोण जाणे.

तेवढ्यात राउंडसाठी डॉक्टरांची पावलं वाजली आणि सगळे गप्प. कप धुतले गेले, पदर खोचले गेले. मॅडम एकट्याच बसून राहिल्या. त्यांना कळून चुकलं, की डॉक्टरांसमोर माणसं तोंडाने सांगणार नाहीत आणि कागदावरही नाहीत. इतक्या छोट्या ठिकाणी प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला ओळखू येतं. मग त्यांनी हताश होऊन वर बघितलं आणि त्यांना मी दिसलो.

काजूचा हंगाम होता. मावशींच्या भावाने वाळवलेल्या काजूच्या बियांचं पोतं पाठवलं होतं, ते कोपऱ्यातच उभं होतं. मॅडमनी एक जाड कापडी पिशवी माझ्या आकड्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी चहाला सगळ्यांना सांगितलं, “ड्यूटी संपली की एकेकट्याने इथे यायचं. आज मनाला काही टोचलं नसेल तर बी टाकायची नाही. थोडं टोचलं तर एक-दोन. फारच असेल तर मूठभर. नाव नको, गाव नको. संध्याकाळी मी येऊन फक्त वजन बघेन आणि बिया बरणीत ओतून ठेवेन.”

“म्हंजे रुखरुखीचा वजन करनार?” मोरूने डोळे मोठे केले.

“हो. आणि काट्यावर माझा विश्वास आहे.”

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम सांगितलं. कारण ते माझ्याबद्दल होतं.

पहिल्या आठवड्यात जरा गोंधळ झाला. एका संध्याकाळी मॅडम आल्या तर काटा दोन किलोच्या पुढे! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. धावतच त्या बाहेर गेल्या. “अहो, आज काय झालं वॉर्डात? कोणाचं काही बरंवाईट?” सगळे गोळा झाले, एकमेकांकडे बघू लागले. मागून मोरू डोकं खाजवत आला.

“मॅडम, ती रुखरुख नाय. बांगडे हायत ते. जेटीवरनं आनले. खाली ठेवले तर मांजर नेईल, म्हनून वर अडकवले.”

मावशी हसता हसता खाली बसल्या. मी मात्र त्या दिवशी फार दुखावलो होतो. वजन बरोबर सांगितलं होतं मी! बांगड्यांचं तर बांगड्यांचं. पुढे आठ दिवस माझ्या आकड्याला मासळीचा वास येत होता आणि ते मांजर माझ्याखाली बसून आशेने वर बघत होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, म्हणजे रेणुकाकडे.

रेणुका देवरूखची. हात इतका हलका की तिने सुई टोचली तरी बाईचं बोलणं मध्येच तुटत नसे. ती रोज मूठभर बिया टाकायची. टाकताना माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. एका दुपारी ती माझ्याखाली उभी राहून आईशी फोनवर बोलत होती.

“आई, मी सोडतेय हे. नवी मुंबईत ताईच्या ओळखीने डोळ्यांच्या दवाखान्यात जागा आहे... नाही गं, पगार तेवढाच. पण तिथे कोणी आईला हाक मारत नाही.”

तुम्हाला याचा अर्थ लागला नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. मुलगी कुठेही नांदत असो, पहिल्या खेपेला ती आईकडे येते आणि आईच तिला दवाखान्यात घेऊन येते. हात धरून, पिशवी सांभाळत, वाटेत दहा वेळा “भिऊ नको” म्हणत. आणि लेबर रूमच्या दाराशी आलं की नियम असा, की आईने बाहेर थांबायचं. दार बंद, आतून कडी. मग कळा वाढल्या की आतून मुलगी “आई गं!” म्हणून हाका मारते आणि बाहेर आई दाराला हात लावून उभी राहते. दोघींच्या मध्ये एक फळी. आणि ती कडी लावायचं काम रेणुकाचं.

नियम दुष्टपणाने केलेला नव्हता. आत दोन टेबलं जवळजवळ, मध्ये आडोसा नाही. पूर्वी एकदा एकीबरोबर अख्खं घर आत शिरलं होतं, दुसरी बिचारी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी झाली होती, वर एक मामी चक्कर येऊन पडली. तेव्हा डॉक्टर वैतागून म्हणाले, “उद्यापासून कोणी आत नाही.” ते उद्यापासून चालू झालं ते चालूच राहिलं.

रेणुका गेली असती तर आमच्या प्रसूतिगृहाचा हातच गेला असता. मला हे ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं. आता तुम्हीच सांगा, ती रुखरुखच की नाही? माझ्या बिया कोण टाकणार होतं?

पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझं काम केलं. आमच्या गावात लोखंडाचं काही टिकत नाही. एका सकाळी रेणुका कडी लावायला गेली आणि गंजलेली कडी तिच्या हातात आली. सुताराला फोन केला. तो “आत्ता येतो” म्हणाला. रत्नागिरीचा सुतार ‘आत्ता येतो’ म्हणाला की बाकीची कामं उरकून घ्यावीत. तोवर दार काही नीट लागेना. ढकललं तरी वीतभर उघडं राही. त्या फटीतून आया आपापल्या मुलींशी बोलत. “हाय गो मी हितंच. बघ माझ्याकडं. हां, तसा श्वास घे.” कोणी आत शिरलं नाही. कोणाला चक्कर आली नाही. रेणुका पाठमोरी उभी राहून आपलं काम करी आणि ती फट तिला दिसतच नसे.

वॉर्ड तर खचाखच भरला होता. काम इतकं की चहा गार होई. आणि तरी त्या दिवसांत माझी पिशवी हलकी. इतकी हलकी की मलाच स्वतःची शंका आली. स्प्रिंग सैल पडली की काय? मॅडमनाही आली. त्यांनी साखरेचा एक किलोचा पुडा आणून माझ्या आकड्याला अडकवला. काटा बरोबर एकावर! मी कसा छाती काढून लटकलो असेन, विचार करा.

अखेर सुतार आला. चकचकीत नवी कडी बसली. आणि त्याच संध्याकाळी पिशवी पुन्हा जड.

मॅडमनी ती तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चहाला सगळ्यांना बसवून घेतलं. डॉक्टरांनाही. “मला एक कोडं पडलंय,” त्या म्हणाल्या. “मध्ये तुमच्याकडे एवढी गर्दी होती, श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि रुखरुखीचं वजन मात्र पार उतरलं. काल गर्दी नव्हती, तर ते चढलं. मधल्या दिवसांत असं वेगळं काय होतं?”

सगळे कपात बघू लागले.

“कडी नव्हती,” रेणुका म्हणाली.

तिने कप खाली ठेवला. “सर, त्या दाराला कडी नव्हती. मला लावता येत नव्हती. मी रोज कडी लावते आणि आतली मुलगी माझ्याकडे अशी बघते की मीच तिला तिच्या आईपासून तोडलंय. मला माहीत असतं की आई जवळ असली तर ती निम्मीच घाबरेल. माहीत असतं आणि तरी मी कडी लावते. म्हणून मी सोडून चाललेय. मला वाटायचं, मलाच होतंय असं. मीच कमजोर.”

“तूच कशी गो?” मावशींनी डोळ्यांना पदर लावला. “मी सांच्याला टाकते त्या बिया कसल्या, मं?”

“आनी मी!” मोरू म्हणाला. “आनताना गाडीत त्या आयशींना सांगतो, आत सोडतील हां, घाबरू नका. खोटाच सांगतो. काय करू? रडतात बिचाऱ्या.”

डॉक्टर महेंद्र उठले. मला वाटलं, आता रागावून जाणार. ते माझ्यापाशी आले, पिशवीला हात लावला आणि ती जराशी उचलून बघितली.

“यात माझ्याच बिया सगळ्यांत जास्त असतील,” ते म्हणाले.

तसं नव्हतं. सगळ्यांत जास्त रेणुकाच्या होत्या. पण मी गप्प राहिलो.

“नियम मी केला,” डॉक्टर म्हणाले. “नंतर मलाच तो टोचायला लागला. पण इतकी वर्षं कोणी काही बोललं नाही, तेव्हा वाटलं, तुम्हा सगळ्यांना पटलाय. आता उगाच कशाला बदलायचा.”

“आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला पटलाय!” रेणुका म्हणाली.

आधी मावशींना हसू फुटलं, मोरूला फुटलं, आणि शेवटी डॉक्टरांनाही. प्रत्येकजण दुसऱ्याला पटलंय म्हणून गप्प बसला होता आणि पटलेलं कोणालाच नव्हतं! मीही हसलो. माझा काटा हलला, पण सगळ्यांना वाटलं, वाऱ्याने हलला.

“आडोसा पाहिजे आधी,” डॉक्टर म्हणाले. “दोन टेबलांच्या मध्ये. आणि एका बाईबरोबर एकच माणूस. तिची आई, सासू, बहीण, ती म्हणेल ती.”

“ताडपत्री आनतो ना बोटीवरची,” मोरू लगेच उठला. “निळी. चांगली जाड.”

“मोरू, हे प्रसूतिगृह आहे,” डॉक्टर म्हणाले. “इथे मासळी उतरवायची नाही.”

मग जाड सुती कापडाचा पडदा शिवून आला. मावशींनी तो उकळत्या पाण्यातून दोनदा काढला. आणि पिशवीतल्या, बरणीत साठलेल्या बिया? मोरूने मागच्या अंगणात त्या विस्तवावर भाजल्या. धूर असा झाला की शेजारचे विचारायला आले. सगळ्यांचे हात टरफलांच्या तेलाने काळे झाले, डॉक्टरांचेसुद्धा, आणि आमच्या वॉर्डाने आपली सगळी रुखरुख गूळखोबऱ्याबरोबर खाऊन टाकली. मला कोणी दिली नाही. मागितली असती तरी ती कुठे अडकवणार?

पडदा लागल्यावर पहिली आली ती करुणा, अलोऱ्याची. पहिलटकरीण, अंगाने बारीक, घाबरून हातपाय गार पडलेले. सोबत तिची आई जाईबाई. दाराशी आल्याबरोबर जाईबाई आपण होऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिला शेजारणीने सांगून ठेवलं होतं, आत सोडत नाहीत म्हणून.

“तुम्ही आत यायचं,” रेणुका म्हणाली.

“मी?” जाईबाईने मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला तर नाही ना सांगत. “मना सोडतंव आत?”

“तुम्हालाच. चला, आधी हा गाऊन घाला. हात स्वच्छ धुवा. आणि आत रडायचं नाही हं.”

“नाय रडत. शप्पत नाय रडत.”

गाऊन ती माझ्याच खोलीत घालायला आली. उलटा घातला. रेणुकाने सुलटा करून दिला. मग त्या दोघी आत गेल्या आणि दार लागलं. कडी तीच होती, नवी, चकचकीत. रेणुकानेच लावली. पण आता आई आतल्या बाजूला होती.

मला भिंतीपलीकडचं दिसत नाही, ऐकू येतं. करुणा ओरडली, नाही असं नाही. कळा त्या कळाच. पण हाक मारली की उत्तर येत होतं. “हाय गो बाय. हाय हितंच.” पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. मध्येच डॉक्टरांचा शांत आवाज, मध्येच रेणुकाचा, “आता जोर कर, शाब्बास.” आणि मग तो आवाज आला, ज्यासाठी हे घर बांधलंय. बारीक, चिडलेला, नवा कोरा. मुलगी झाली होती. शेजारचा चपटा काटा पीं पीं करायला लागला. जाऊ दे, त्यालाही पोट आहे.

थोड्या वेळाने जाईबाई गाऊन काढायला खोलीत आली. मागोमाग रेणुका हात पुसत आली आणि स्टुलावर मटकन बसली. केस सुटलेले, कपाळ घामाने ओलं. जाईबाईने गाऊनची घडी घातली. शपथ मोडली नव्हती, आता मात्र डोळे वाहत होते. तिने रेणुकाकडे नीट बघितलं. आभार मानेल, पाया पडेल, असं मला वाटलं. आमच्याकडे लोक पडतात. तिने तसं काही केलं नाही. जवळ जाऊन तिने रेणुकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं,

“तू जेवलीस काय गो?”

रेणुकाने मान वर केली. ती नुसती बघत राहिली. सकाळपासून इतक्या जणींना पाणी दे, चहा दे, दूध दे, असं सांगत फिरणाऱ्या त्या मुलीला हे कोणी विचारलं नव्हतं. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. जाईबाईने आपल्या पिशवीतून भाकरी काढली, सुकटीची चटणी काढली आणि पहिला तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. माझ्या आकड्याला लटकलेला रेणुकाचा डबा भरलेलाच होता. तो तसाच राहिला.

संध्याकाळी तिने देवरूखला फोन लावला. “आई, नाही जात मी. हो, इथेच... नाही गं, कोणी थांबवलं नाही. मीच राहतेय. आणि ऐक, तुझ्या हातची भाकरी खाऊन किती दिवस झाले गं?”

मित्रांनो, पिशवी अजून माझ्या आकड्याला आहे. कधी दोन बिया पडतात, कधी पाच-सहा. योगिनी मॅडमना एकदा वाटलं होतं, आता काटा शून्यावर यायला हवा. रेणुका म्हणाली, “नको मॅडम. आमचं शून्य आलं की तुम्ही घाबरत जा.” मला ते पटलं. दुसऱ्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाला थोडं टोचणारच. जड होण्याआधी कोणीतरी बघावं, एवढंच.

म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. मला तेलपाणी कोणी करो वा न करो, त्याचं काही नाही. पण तुमच्या घरी, शेजारी, वर्गातल्या मित्राच्या घरी कोणी सिस्टर असेल, डॉक्टर असेल, आया असेल, ॲम्ब्युलन्स चालवणारे काका असतील. ते ड्यूटीवरून येतील, चपला काढतील आणि गप्प बसतील. तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसा. जेवलात का, विचारा. आज मनाला काय लागलं, तेही विचारा. ते म्हणतील, “काही नाही.” लगेच उठून खेळायला पळू नका. थोडे बसून राहा.

‘काही नाही’चं वजन मी केलेलं आहे. ते पुष्कळ भरतं.